भार महाराजांवर, सही आपली

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

सप्ताहाच्या दिवसांत दुपारचे वाचन आटोपले, महाप्रसाद झाला, की मंदिराच्या ओवरीत पाय पसरून बसणारी मंडळी बहुतेक पासष्टी ओलांडलेली असतात. पहिली पाच मिनिटे अध्यायावर बोलणे होते, आणि मग गाडी आपापल्या दुखण्यांवर येते. यात लाजण्यासारखं काही नाही. देह आहे तोवर त्याची विचारपूस चालायचीच. पण अलीकडे एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून पुन्हा पुन्हा ऐकू येतो. "महाराज पाठीशी असताना हृदयात तारा घालून घ्यायच्या का? मग भरवसा तो कसला?"

विचारणारे वेगळे, दुखणे मात्र बहुधा एकच: हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडणे. या दुखण्यातच हा प्रश्न इतका का छळतो, ते समजायला आधी दुखणे समजून घ्यावे लागेल.

डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, घाईत असले तर नुसते 'एएफ'. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक लहानसे केंद्र असते. तिथून विजेची बारीक लहर निघते, तिच्यासरशी आधी वरचे दोन कप्पे आवळतात आणि मग खालचे दोन. भजनात एकाने टाळ धरला की बाकीचे त्याच्या मागून जातात, तसेच हे. या आजारात वरच्या कप्प्यांत मिनिटाला तीनशेच्याही वर लहरी उठतात, वाटेल तिथून. कप्पे आवळायचे सोडून नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातल्या काहीच लहरी पोचतात आणि त्याही अवेळी, म्हणून नाडी कधी पळते, कधी अडखळते. कुणाला छातीत पाखरू फडफडल्यासारखे होते, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. कुणाला काहीच कळत नाही, मोतीबिंदूच्या आधी काढलेल्या ईसीजीत ते अचानक सापडते. खरे भय दुसरेच आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. हा धोका इतरांच्या मानाने साधारण पाचपट असतो. म्हणून वय आणि बाकीचे आजार पाहून रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात. ठोक्यांचा वेग आवरणारी गोळी देतात. तेवढ्याने भागले नाही तर लय परत आणणारी औषधे असतात. आणि तीही पुरी पडली नाहीत, किंवा सोसली नाहीत, तर 'अब्लेशन'.

हे अब्लेशन म्हणजे छाती फाडणे, अशी अनेकांची समजूत असते. पूर्वी ते खरेही होते. १९८७ साली अमेरिकेत डॉ. जेम्स कॉक्स यांनी छाती उघडून वरच्या कप्प्यांत ठरावीक रेषांनी छेद देण्याची शस्त्रक्रिया केली. भटकणाऱ्या लहरींना वाटच राहू नये अशी ती योजना, म्हणून तिला 'मेझ', म्हणजे भुलभुलैया, असे नाव पडले. पुढे १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉ. मिशेल आयसागेर यांच्या गटाने दाखवून दिले की या अवेळी लहरींचा उगम पुष्कळदा फुफ्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असतो. तेव्हापासून जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या वर नेतात आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने किंवा गोठवून डाग देतात, म्हणजे तिथली लहर आत येत नाही. एक-दोन दिवसांत माणूस घरी येतो. धोका नाहीच असे नाही. शंभरात एखाद्याच्या हृदयाभोवती रक्त साचते, क्वचित अर्धांगवायू होतो, अगदी विरळा अन्ननलिकेला इजा होते आणि ती जिवावर बेतू शकते. बऱ्याच जणांना काही काळाने पुन्हा एकदा करावे लागते. आणि हे झाले म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुटतेच असे नाही. ज्यांना वयामुळे, रक्तदाबामुळे, मधुमेहामुळे गुठळीचा धोका मुळातच जास्त, त्यांची ती सहसा चालूच राहते.

मग करायचे कशासाठी? २०१९ साली 'कबाना' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात २,२०४ रुग्ण होते. काहींना अब्लेशन दिले, काहींना औषधे. मृत्यू, मोठा अर्धांगवायू, गंभीर रक्तस्राव, हृदय बंद पडणे, या सगळ्यांची बेरीज पाहता दोन गटांत ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. रोजच्या जगण्यातला त्रास मात्र अब्लेशन केलेल्यांचा अधिक कमी झाला. ज्यांचे हृदय आधीच अशक्त झालेले असते त्यांचा हिशेब वेगळा आहे. २०१८ साली आलेल्या 'कॅसल एएफ' या अभ्यासात तशा रुग्णांचे आयुष्यही वाढल्याचे दिसले. पण सर्वसाधारण रुग्णाला डॉक्टर प्रामाणिकपणे एवढेच सांगू शकतात की याने तुमचे जगणे बहुधा सुखाचे होईल, मरण पुढे जाईल असे वचन देता येत नाही.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ठोक्यांचे सगळे आजार एक नसतात. नाडी फार मंद होऊन घेरी येते आणि डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला आहे, अशा माणसाने हा लेख वाचून विचार करत बसू नये. तिथे वेळ घालवणे धोक्याचे.)

सुश्रुताचार्यांनी मुतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल एक मोठा मार्मिक विचार मांडला आहे. काही केले नाही तर मरण नक्की, केले तर संशय. म्हणून धन्याला विचारून मगच कुशल वैद्याने शस्त्र हाती घ्यावे, असा त्याचा आशय. किती जुना ग्रंथ, आणि आजचा संमतीचा कागद त्यात दिसतो! नक्की मरणापेक्षा संशय बरा, हे कुणालाही पटते. पण आपल्या या दुखण्यात दोन्ही बाजूंना संशयच आहे. केले तरी संशय, न केले तरी संशय. बायपास तातडीने करायची वेळ आली तर घरचे उचलून नेतात, विचाराला सवड नसते. इथे डॉक्टर म्हणतात, "विचार करून सांगा." आणि घरी येऊन माणूस देव्हाऱ्यासमोर बसतो. सवड मिळाली की माणूस कारणे शोधतो, आणि भक्ताच्या हाताशी सगळ्यात जवळ जे कारण असते ते म्हणजे महाराजांची इच्छा.

या कारणाचे दोन-तीन प्रकार ऐकायला मिळतात. पहिला प्रारब्धाचा. भोग भोगूनच संपवावा, मध्ये हात घातला तर पुढच्या जन्मी व्याजासकट फेडावा लागतो, असे सांगणारे वडीलधारे प्रत्येक मंडळात असतात. मी त्यांची थट्टा करणार नाही. जिथे उपायच उरलेला नाही तिथे हा विचार माणसाला फार मोठा आधार देतो. पण हेच गृहस्थ चष्मा लावतात, दाढ काढून घेतात, गुडघ्याला पट्टा बांधतात. मोतीबिंदू काढताना प्रारब्ध आडवे आले नाही, ते हृदयाच्याच वेळी का यावे? चरकाचार्यांनी उपचारांचे तीन प्रकार सांगितले: मंत्र, होम, उपवास यांचा दैवाश्रित उपचार, आहार आणि औषधांचा युक्तीचा उपचार, आणि मन आवरण्याचा. एक केला तर दुसरा बाटतो असे त्यांनी कुठे म्हटलेले नाही. आयुष्य ठरलेलेच असते का, या प्रश्नावर त्यांनी गाडीच्या आसाचा दाखला दिला आहे. आस चांगला असेल, गाडी नीट चालवली तर तो आपल्या वेळेला झिजतो. ओझे जास्त झाले, रस्ता खराब लागला, तर आधीच मोडतो. दैव आहे आणि माणसाची करणीही आहे. जे बलवान ते दुसऱ्याला मागे सारते. अकराव्या-बाराव्या पिढीतल्या आपल्या आजोबांपेक्षा हे पुष्कळ जुने बोलणे आहे, आणि अधिक मोकळे आहे.

आणि आपल्या गुरुचरित्रात काय आहे? तेराव्या अध्यायातला पोटशुळाने पिडलेला ब्राह्मण आठवा. पोटाला धोंडा बांधून तो गोदावरीत जीव द्यायला निघाला होता. श्रीगुरूंनी त्याला भोग सोसत बस असे सांगितले नाही. सायंदेवाला सांगितले, याला घरी ने आणि पोटभर जेवू घाल. सायंदेव घाबरला. अन्नाचा घास जाताच ज्याला मरणयातना होतात त्याला पक्वान्न वाढायचे, आणि काही बरेवाईट झाले तर ब्रह्महत्या माथी! तरी त्याने वाढले. कृपा श्रीगुरूंची, पण ती पोचली एका संसारी माणसाच्या स्वयंपाकघरातून, त्याच्या भीतीसकट. महाराजांना जर चाकरी करणाऱ्या गृहस्थाचा हात चालतो, तर शिकलेल्या डॉक्टरचा का चालू नये, हे मला आजवर कुणी सांगितलेले नाही.

अठराव्या अध्यायातली घेवड्याची वेल काही जण शस्त्रक्रियेच्या बाजूने ओढतात. महाराजांनी वेल उपटली, घरातली बाई रडली, आणि मुळाशी द्रव्याचा कुंभ निघाला. तसे आधी दुःख, मग सुख. मला हे ओढणे आवडत नाही. श्रीगुरूंना मुळाखाली काय आहे ते ठाऊक होते. आपल्या डॉक्टरांना अंदाज असतो, खात्री नसते. चमत्काराची कथा जमाखर्चाच्या वहीत टाचली की कथाही जाते आणि हिशेबही चुकतो.

दुसरा प्रकार अजगराचा, आणि हा जास्त फसवा. एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो, त्यातला एक अजगर. मिळेल ते खातो, नाही मिळाले तर पडून राहतो, धडपड करत नाही. नाथांच्या भागवतामुळे हे आपल्या घराघरांत पोचले आहे. "आता अजगरवृत्तीने राहायचं ठरवलंय, जे येईल ते येईल," असे कुणी म्हटले की ऐकणाऱ्याची मान आपोआप लवते. पण तो अवधूत होता. त्याला घर नव्हते, दाराशी वाट पाहणारे कुणी नव्हते, बँकेत ठेव नव्हती. आपण पेन्शन वेळेवर आली नाही तर तिसऱ्या दिवशी चौकशीला जातो. भाजीत मीठ कमी पडले तर बोलून दाखवतो. अशा माणसाला एकट्या शस्त्रक्रियेच्या बाबतीतच अजगर आठवला, तर तो आठवला कशामुळे, हे त्याने स्वतःला विचारायला हवे. शिवाय चोवीस गुरूंत अजगराच्या आधी कपोत येतो. जाळ्यात सापडलेल्या कुटुंबाच्या मोहाने तोही जाळ्यात उडी घेतो. मुलांनी रडून गळ घातली म्हणून न पटताच टेबलावर जाऊन पडणारा गृहस्थ मला त्या कपोताच्या जवळचा वाटतो. म्हणजे नाही म्हणण्यातही फसगत आहे आणि हो म्हणण्यातही.

आमच्या उपासना मंडळातले एक गृहस्थ आहेत, निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर. सहा वर्षे हे दुखणे अंगावर बाळगून होते. गोळ्या बदलून झाल्या. एका औषधाने थायरॉइड बिघडले म्हणून ते बंद झाले. डॉक्टरांनी अब्लेशनचे सुचवले आणि हेही सांगितले की जितके लांबवाल तितकी लय परत बसायची शक्यता कमी होत जाईल, कारण कप्पा हळूहळू ताणला जातो. गुरुजींचे मन निर्णय घेईना. (शिक्षक म्हणून आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो.) शेवटी एका गुरुवारी त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक 'करावी', एक 'करू नये', आणि पादुकांपुढे ठेवायला पुजारीकाकांकडे दिल्या.

पुजारीकाका ऐंशीला आलेले. त्यांनी चिठ्ठ्या हातात धरल्या, ठेवल्या नाहीत. म्हणाले, "गुरुजी, 'करू नये' आली तर काय वाटेल?"

"सुटल्यासारखं वाटेल, काका."

"आणि 'करावी' आली तर?"

गुरुजी गप्प. काकांनी चिठ्ठ्या परत त्यांच्या हातात दिल्या. "घरी न्या. वहिनींना दाखवा. मग त्या म्हणाल्या तर पुढच्या गुरुवारी ठेवू."

वहिनींनी दोन्ही चिठ्ठ्या उलगडल्या, वाचल्या आणि म्हणाल्या, "अहो, यात ठेवीचं कुठं लिहिलंय?"

मग बाहेर आले ते हे. विम्यातून खर्चाचा थोडाच भाग निघणार होता. उरलेल्यासाठी वहिनींच्या नावावर ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागणार होती. आपल्या मागे हिचे कसे होईल, या विचाराने गुरुजी अडले होते. हे बायकोजवळ बोलायचा संकोच, मुलाजवळ तर त्याहून. म्हणून तो प्रश्न श्रद्धेचे उपरणे पांघरून मंदिरात आला होता. वहिनींचे बोलणे मला गुरुजींनीच सांगितले. "तुम्ही रात्रभर उशीला टेकून धापा टाकत बसायचं आणि मी त्या ठेवीची पावती सांभाळायची, हे कुणी ठरवलं? मला विचारलं होतं?"

पैशाचे बोलायला आपल्या भाविक मंडळींना फार जड जाते. वास्तविक ठेवीचा प्रश्न हलका मुळीच नव्हता. स्वतःचा श्वास एका पारड्यात आणि जोडीदाराचे म्हातारपण दुसऱ्या पारड्यात, हा अस्सल धर्माचा प्रश्न आहे. एखाद्या घरात तो सगळा हिशेब मांडून "नको" असेच उत्तर येईल आणि ते योग्यही असेल. पण मग ते ठेवीसाठी नको, असे ठरवून नको. महाराजांना नको आहे, असे सांगून नव्हे. आपल्या पोटातले कारण महाराजांच्या नावावर चढवले की दोन नुकसाने होतात. खरे कारण कधी तपासलेच जात नाही. आणि उद्या काही वाईट झाले तर दोष पादुकांच्या पदरात पडतो. आयुष्यभराची उपासना अशा एका गोष्टीवरून सुटलेली माणसे मी पाहिली आहेत. कुणाचे पोटातले कारण पैशाचे असते, कुणाचा भाऊ शस्त्रक्रियेत गेलेला असतो, कुणाला सुनेकडून सेवा घ्यायची नसते, कुणाला साधी सुईची भीती असते. यातले एकही कारण लाजिरवाणे नाही. सुईची भीती वाटणारा माणूसही दत्तभक्त असू शकतो.

पुढे दोघे मिळून डॉक्टरांकडे गेले, वहिनींनी प्रश्न वहीत लिहून नेले होते. कप्पा किती ताणला आहे? माझ्या वयात, माझ्या रक्तदाबात धोका किती? दुसऱ्यांदा करावे लागले तर खर्च पुन्हा तेवढाच का? गोळी सुटेल का? डॉक्टरांनी सरळ सांगितले की गोळी सुटणार नाही आणि पूर्ण बरे व्हाल असेही वचन देत नाही. मग त्यांनीच विचारले, "तुम्हाला यातून हवंय काय?" गुरुजी म्हणाले, "वाडीला घाटाच्या पायऱ्या उतरून पादुकांचं दर्शन घ्यायचं आणि स्वतःच्या पायांनी परत चढून यायचं. तीन वर्षं जमलेलं नाही." डॉक्टर म्हणाले, एवढं मागणं असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे.

चिठ्ठ्या पुन्हा ठेवल्या गेल्या नाहीत.

आदल्या रात्री रुग्णालयात त्यांनी चौदावा अध्याय वाचला. संकटात आपण सगळे तोच वाचतो. पण त्यातल्या एका गोष्टीकडे वाचताना लक्ष जात नाही. क्रूर अधिपतीने सायंदेवाला बोलावले आहे, गेले तर मरण दिसते आहे. श्रीगुरू त्याच्या मस्तकावर हात ठेवून अभय देतात, पण जाऊ नको म्हणत नाहीत. जा म्हणतात. तू येईपर्यंत आम्ही इथेच आहोत, असे सांगतात. दरबारापर्यंतची वाट सायंदेवाला आपल्या पायांनीच चालावी लागली. त्याच्याजवळ प्रत्यक्ष श्रीगुरूंचे वचन होते हे खरे. आपल्याजवळ तसे कानांनी ऐकलेले वचन नसते. उलट काय काय बिघडू शकते त्याची यादी असलेला संमतीचा कागद समोर येतो. त्या कागदावर मुलगा सही करायला पुढे झाला तेव्हा गुरुजींनी पेन मागून घेतले. "भार महाराजांवर टाकलाय रे, पण सही माझीच असू दे."

शरणागती म्हणजे आपल्याला जे कळते, जे करता येते, ते सगळे करून उरलेले त्यांच्या हवाली करणे, असे मी इतकी वर्षे समजत आलो. या प्रसंगानंतर त्यात थोडी भर पडली. उरलेले हवाली करण्याच्या आधी आपल्या जवळ नेमके काय आहे ते उघडून बघावे लागते. बंद गाठोडे ठेवले तरी महाराज घेतात, त्यांना आतले दिसते. आपल्यालाच ते दिसलेले नसते.

शस्त्रक्रियेला आता आठ महिने होतील. दुसऱ्याच आठवड्यात छाती पुन्हा फडफडायला लागली तेव्हा घरात कल्लोळ झाला. नाही म्हणणाऱ्या नातेवाइकांनी "आम्ही सांगत होतो" हे ऐकवून घेतले. पहिले तीन महिने असे होऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, वहिनींच्या वहीत ते लिहिलेलेही होते. पुढे ते थांबले. महिन्या-दोन महिन्यांतून एखादे वेळी तासभर बिघडते अजून. श्रावणात गुरुजी वाडीला जाऊन आले. पायऱ्या चढताना दोनदा बसले. पूर्वी खाली उतरायचेच नाहीत.

गोळ्यांबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण इथे भक्तीच्या नावाखाली खरा घात होताना दिसतो. उपवास आहे म्हणून, सोवळ्यात आहे म्हणून, पारायणात उठायचे नाही म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवू नका. गुठळीला गुरुवार कळत नाही. काही गोळ्या जेवणासोबत घ्यायच्या असतात. तेव्हा कडक उपवासाच्या आधी आपली गोळी कोणती, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू किंवा तोडू नये, रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करावी. आणि "महाराजांनी बरे केले" असे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे, हे सगळ्यात वाईट. अंगारा लावा, तीर्थ घ्या, गोळीही घ्या.

आता दुसऱ्या बाजूचे एक उदाहरण सांगितल्याशिवाय हे लिहिणे एकांगी होईल. आमच्याच गल्लीत एक आजी आहेत, त्र्याऐंशी वर्षांच्या. दुखणे तेच. मुलगा परदेशात, त्याने तिथल्या डॉक्टरांना कागद दाखवले, इथल्या मोठ्या रुग्णालयात दिवसही ठरवला. आजींनी फोनवर ऐकून घेतले आणि नको म्हणाल्या. मुलाला वाटले, आई देवभोळी, कुणीतरी भरवले. तो येऊन मलाही दोन शब्द बोलला, मंडळात तुम्ही लोक असले काहीतरी सांगता म्हणून. मी त्याला म्हटले, आधी आईला विचार, कारण काय?

आजींचे कारण असे होते. वेग आवरणारी एक गोळी चालू केल्यापासून त्यांना धाप लागत नाही. सकाळी परसात फुले काढता येतात, देवपूजा होते, दुपारी डोळा लागतो. "मला त्रासच नाही तर त्रास घालवायला कुठं जाऊ? आणि अर्धांगाची भीती म्हणशील तर डॉक्टरच सांगतात की ती गोळीनं राखायची आहे, त्या तारांनी नव्हे." पुढे म्हणाल्या, "तुला लांब राहून काही करता येत नाही, म्हणून तुला हे करायचंय. ते मला समजतं. पण त्यासाठी मी झोपू का टेबलावर?" मुलाला यातले एकही वाक्य खोडता आले नाही. डॉक्टरांनीही आजींचे म्हणणे मान्य केले. त्रास वाढला, सूज आली, हृदय अशक्त होतेय असे दिसले तर पुन्हा बघू म्हणाले. आजींनी त्याला हो म्हटले आहे. अजगराचे नाव त्यांनी एकदाही काढले नाही, पण मला विचाराल तर त्या गोष्टीच्या जास्तीत जास्त जवळ आमच्या गल्लीत त्याच आहेत.

रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांची दोनदा असते, सकाळी आठला आणि रात्री आठला. विसरू नये म्हणून मुलाने जाताना मोबाइलमध्ये गजर लावून दिला. आजींनी नातवाला सांगून त्या गजराला दत्ताची आरती लावून घेतली आहे. आठ वाजले की आरती सुरू होते, आणि आजी आधी हात जोडतात, मग गोळीची डबी उघडतात.